फेस मंडळाची शेवटची सहल

जपानमधल्या तोयोसु स्टेशनच्या सरकत्या जिन्यापाशी रोज सकाळी एक मराठी माणूस बाजूला उभा राहतो आणि जिना काय बोलतो ते शेवटपर्यंत ऐकून घेतो. कठडा धरा, पिवळ्या रेषेच्या आत उभे राहा, लहान मुलांचा हात सोडू नका. मागून येणारी माणसं त्याला वळसा घालून पुढे जातात. सूचना संपली की मगच तो पायरीवर पाय ठेवतो. हा नीलकंठ खांबेटे, मूळचा पुण्याचा, इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत गेली कित्येक वर्षं रुजलेला.

त्याला आधीपासून ओळखणाऱ्यांना हे बघवत नाही, कारण सूचनांची सगळ्यात जास्त टिंगल करायचा तो हाच. "अरे, ह्या देशात जिना बोलतो, न्हाणीघर बोलतं, ट्रक वळताना 'मी वळतोय हं' म्हणून सांगतो. सगळ्यांचं ऐकत बसलो तर म्हातारा होईन," असं तो म्हणायचा. जपानी भाषा त्याला उत्तम येत होती. परीक्षाही पास झाला होता. फक्त भोंग्यातून आलेलं जपानी त्याच्या कानात शिरत नसे, आणि ह्याचा त्याला थोडा अभिमानच होता.

नियोजन हा मात्र त्याचा हातखंडा. गणपतीचा मांडव असो की कुणाचं घर बदलणं असो, काम नीलकंठकडे दिलं की बाकीच्यांनी हात झटकून मोकळं व्हावं. एखादी गोष्ट ठरली की त्यात तो तसूभर बदल करायचा नाही. ह्याला काही लोक शिस्त म्हणत, त्याची बायको सुप्रभा हेकटपणा म्हणायची.

त्याचं लाडकं अपत्य म्हणजे फेस मंडळ. घरी बियर बनवणाऱ्या सहा हौशी मराठी माणसांचं हे मंडळ. जपानमध्ये बियर बनवायचं सामान दुकानात उघड मिळतं, पण एक टक्का किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असलेली दारू परवान्याशिवाय घरी बनवणं गुन्हा आहे. दुकानदार सामान देतो, बरोबर 'पाणी जास्त घाला' असा कागद देतो, आणि पुढचं बघायचं नाही म्हणून नजर दुसरीकडे वळवतो. मंडळातली बियर अर्थात पाणचट नसायची. गाद्या ठेवायच्या कपाटात, पांघरुणांच्या मागे, ती गुपचूप आंबत बसायची.

आणि मंडळाचा खरा कारागीर होता गुणवंत निकम. साताऱ्याचा, अंगाने आडवा, स्वभावाने लोण्याचा गोळा. आईने पाठवलेले धणे आणि इथल्या युझू नावाच्या लिंबाची साल घालून तो एक फिकट पिवळी बियर करायचा. पहिला घोट घेतला की बोलणारा माणूस गप्प व्हायचा. गुणवंत समोरच्याचा चेहरा बघत बसायचा आणि स्वतः घोटभरच प्यायचा. कुणी कशालाही हाक मारो, हा हातातलं टाकून उठणार. नाही म्हणणं त्याला जमतच नव्हतं.

त्या वर्षी गुणवंतचं कंत्राट संपलं. दिवाळीच्या आत तो आणि बायको केतकी कायमचे साताऱ्याला परतणार होते. नीलकंठला हे मनातून फार लागलं. त्याने जाहीर केलं की निरोप साध्या हॉटेलात होणार नाही. मंडळ नदीवर जाईल, कनूच्या लांबट होड्या वल्हवेल, तंबूत राहील आणि गुणवंतच्या हातची शेवटची बियर नदीकाठी पिईल.

इथपर्यंत सगळं छान होतं. घोडं अडलं ते जागेवर. नदीकाठी चांगलं कॅम्पिंगचं मैदान होतं, पण तिथला रखवालदार संध्याकाळी प्रत्येक तंबूपाशी येऊन गप्पा मारतो, असं कळलं. लेबल नसलेल्या बाटल्या बघून त्याने विचारलं तर? नीलकंठचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज त्याच महिन्यांत सरकारदरबारी पडून होता. घर घ्यायचं होतं, मुलीची शाळा इथेच होती. एका बाटलीपायी सगळ्यावर पाणी पडेल ह्या धास्तीने त्याची झोप उडाली होती.

"मग बियर नको नेऊया," मंडळातला सगळ्यात धाकटा नचिकेत म्हणाला.

"आणि गुण्याला काय, बार्ली टी पाजून निरोप देऊ?" नीलकंठ खेकसला.

मग त्याने संगणकावर उपग्रहाचा नकाशा उघडला आणि नदीच्या मधोमध एक पांढरा ठिपका शोधून काढला. गोट्यांचं बेट. रस्ता नाही, रखवालदार नाही, कनूशिवाय पोचता येणार नाही. दुसऱ्या दिवशी प्रवाहाबरोबर खाली उतरायचं, तिथे कनू भाड्याने देणाऱ्या दुकानाची गाडी न्यायला येईल.

"तिथे कुत्रंसुद्धा फिरकणार नाही," तो खुशीत म्हणाला.

नचिकेत बराच वेळ पडद्याकडे बघत होता. "दोन्ही काठांवर जंगल आहे. ह्या बेटावर एकही झाड कसं नाही, नीलकंठदा?"

"बरंच आहे की. तंबू लावायला मोकळी जागा."

झाड का नाही हा प्रश्न तिथेच राहिला, आणि नकाशा मिटला गेला.

निघायच्या आदल्या दिवशी दोन गोष्टी घडल्या. कनूच्या दुकानातून फोन आला. वर डोंगरात मोठा पाऊस झालाय, मुक्काम मैदानावरच आहे ना, असं तिकडचा माणूस विचारत होता. नीलकंठ ऑफिसच्या जिन्यात उभा होता. "हाय, हाय, मैदानावरच," असा जपानी होकार देऊन त्याने फोन ठेवला. तोयोसुच्या आकाशात ढगाचा मागमूस नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे केतकी. वाटेत खायला दशम्या आणि दाण्याची चटणी घेऊन ती त्याच्या घरी आली. घरात सामानाची खोकी भरणं चाललं होतं, तिच्या हाताला चिकटपट्टीचे तुकडे लागलेले होते.

"नीलकंठदादा, ह्यांना पोहता येत नाही. तुम्हाला सांगणार नाहीत, लाजतात. म्हणून मीच सांगते."

"वहिनी, लाइफ जॅकेट आहे ना. आणि तो माझ्याच कनूत बसणार आहे. नेतो तसा आणून सोडतो."

"तुम्ही आहात म्हणूनच पाठवतेय," ती म्हणाली, आणि डबा ठेवून गेली.

नदीवर पोचले तेव्हा ऑक्टोबरचं ऊन सोन्यासारखं पडलं होतं. काठावर एक पिवळी पाटी होती. तिच्यावर पळणारा माणूस आणि त्याच्या मागे उंच लाट रंगवलेली, खाली धरणाचं नाव. 'भोंगा वाजला की पाणी सोडलं आहे असे समजून पात्राबाहेर पडा,' असं स्वच्छ लिहिलेलं. गुणवंत पाटीपाशी थबकला. नीलकंठने त्याच्या खांद्यावर थाप मारली. "चल रे, ह्यांची पाटी संडासातही असते."

बेटावर सगळं ठरल्याप्रमाणे झालं. तंबू उभे राहिले. बियरची पेटी गार करायला काठच्या उथळ पाण्यात ठेवली आणि वाहून जाऊ नये म्हणून भोवती गोटे रचले. निरोपासाठी नीलकंठने प्रत्येक बाटलीला खास कागद चिकटवला होता. वर फेसाने भरलेल्या पेल्याचं चित्र, खाली 'फेस मंडळ, तोयोसु' आणि सहाही जणांची नावं, आडनावांसकट. एवढा भिणारा माणूस, पण हौस आवरली नाही.

गुणवंतने लाइफ जॅकेट काढून दगडावर टाकलं आणि त्यावर बूड टेकून तो बाटल्या उघडू लागला. बियर उत्तम उतरली होती. नचिकेतने गाणं म्हटलं. गुणवंतच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने शेकोटीच्या धुराला नावं ठेवली.

तेवढ्यात दरीत भोंग्याचा आवाज घुमला. आधी लांब हेल, मग बाईचा संथ आवाज, डोंगरांवर आपटून चार-चारदा उमटणारा. शब्द एकात एक मिसळत होते.

"काय म्हणतेय ती?" गुणवंतने विचारलं.

जपानच्या प्रत्येक गावात संध्याकाळी पाच वाजता भोंग्यावर धून वाजते, मुलांनो घरी जा म्हणून सांगतात. इथे राहणाऱ्याच्या कानाला ती इतकी सवयीची होते की ऐकू येणंच बंद होतं. नीलकंठने घड्याळ पाहिलं. पाच व्हायला बराच अवकाश होता, आणि धूनही वाजली नव्हती.

"पाचचा भोंगा," तो म्हणाला. "डोंगरात अंधार लवकर पडतो, लवकर वाजवत असतील. ओत तू."

गुणवंतने ओतली.

पहिली खूण दिली ती बाटल्यांनी. त्या एकमेकींवर किणकिणू लागल्या. गुणवंतने वळून पाहिलं. "नील्या, पेटी मघाशी अर्धी बाहेर होती ना रे?"

रचलेले गोटे पाण्याखाली गेले होते. पाण्याचा रंग चहासारखा झाला होता आणि त्यातून काटक्या, पानं, फेसाचे गोळे वाहत येत होते. वरून आवाज येत होता, लांबून मालगाडी यावी तसा. आता कुणाला काही सांगावं लागलं नाही. नचिकेत ओरडला, तंबू तसेच टाकून सगळे कनूंकडे धावले. दोन कनू निघाल्या. काठ जवळ होता, पण मघाशी गुडघाभर असलेल्या पाण्यात आता वल्ह्याला तळ लागत नव्हता.

तिसऱ्या कनूत नीलकंठ मागे बसला होता. गुणवंतने टोक धरून ठेवलं होतं, त्याचा एक पाय आतही आला होता. तेव्हा नीलकंठला पेटी दिसली. पाण्यावर डुलत होती, सुटायच्या बेतात. खाली कुठेतरी कुणाच्या तरी हाताला लागेल. प्रत्येक बाटलीवर त्याचं नाव, आडनावासकट.

"गुण्या, पेटी!" तो ओरडला. "पेटी घे!"

गुणवंतने कधी नाही म्हटलं होतं? पाय बाहेर काढून तो वळला. जॅकेट ज्या दगडावर होतं तो दगडच आता दिसत नव्हता. तो चार पावलं गेला, वाकला, पेटीला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि वर बघून हसला, सापडली म्हणून. मग त्याच्या पायाखालचे गोटे सरकले. त्याच क्षणी प्रवाहाने कनू ओढून नेली. नीलकंठने पुन्हा मागे पाहिलं तेव्हा बेटच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अग्निशमन दलाला गुणवंत खालच्या वळणावर सापडला. नीलकंठ गावातल्या छोट्या पोलीस ठाण्यात बसला होता. अंगावर कुणीतरी दिलेलं कोरडं जाकीट होतं. एक मध्यमवयीन अधिकारी हातमोजे घालून आत आला, आणि त्याच्या हातात ती पेटी होती.

ती पुरासोबत वाहत जाऊन झुडपात अडकली होती. ह्या देशात हरवलेली छत्रीही मालकाकडे परत येते. कुणीतरी पेटीतला गाळ धुतला होता, उरलेल्या बाटल्या एकेक करून पुसल्या होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या होत्या. अधिकाऱ्याने एक उघडून लेबल दाखवलं.

"ही आपलीच ना?"

नीलकंठने मान डोलावली. आता विचारेल, आत काय आहे, कुणी बनवलं. तो वाट बघत राहिला. अधिकाऱ्याने बाटली पुन्हा कागदात गुंडाळली, पेटी त्याच्यापुढे ठेवली आणि कमरेत खोल वाकला. "आपल्या मित्राबद्दल फार वाईट वाटलं," एवढंच म्हणाला आणि चहा आणायला गेला.

बाहेरच्या बाकावर केतकी होती. सुप्रभाने तिला धरून ठेवलं होतं. नीलकंठ पेटी घेऊन बाहेर आला तशी तिने मान वर केली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"नचिकेत म्हणाला, हे कनूपर्यंत आले होते. एक पाय आत होता. मग परत का फिरले, दादा? कुणी बोलावलं का त्यांना?"

नचिकेतची कनू तेव्हा काठाला लागत होती. पाण्याच्या आवाजात त्याला काही ऐकू आलं नव्हतं. ऐकणारे दोघेच होते, त्यातला एक आता बोलणार नव्हता. नीलकंठने पेटी खाली ठेवली.

"त्याचा जीव होता ह्या बियरवर, वहिनी. मी नको म्हणत होतो. ऐकलंच नाही त्याने."

केतकीने पदराने डोळे पुसले. "हो," ती म्हणाली, "ह्यांचं तसंच होतं." आणि पेटीवर हात ठेवून बसली. इतक्यात गावाच्या भोंग्यावर पाचची धून वाजली. नीलकंठने ती पहिल्यांदाच पूर्ण ऐकली.

वसंतात कायमच्या वास्तव्याचं पत्र आलं. अर्जाला कुठेही अडथळा आला नव्हता. सुप्रभाने आनंदाने मंडळाच्या जुन्या ग्रुपवर पत्राचा फोटो टाकला, नीलकंठने काढ म्हणेपर्यंत साताऱ्याहून केतकीचं उत्तर येऊनही गेलं होतं.

"अभिनंदन, दादा. हे असते तर त्यांना फार आनंद झाला असता."