राजांच्या डाव्या हाताला

राजे काही खरे राजे नव्हेत. हयातभर नाटकात मुकुट घालून वावरले, म्हणून लोकांनी ते नाव चिकटवलं. मुकुट पुठ्ठ्याचा, आवाज मात्र अस्सल. रंगभूमी सुटल्यावर तो आवाज घरात ठेवायचा कुठे, हा प्रश्नच होता. जेवताना नुसतं मीठ मागितलं तरी सून दचकायची. शेवटी ते प्रार्थनाघराच्या गायकवृंदात गेले आणि खर्जाच्या रांगेत, म्हणजे सगळ्यात खालच्या सुरात गाणाऱ्यांत, उभे राहिले.

तिथे त्यांच्या डाव्या हाताला भिंगू होता. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा, म्हणून भिंगू. अंगानं काटकुळा, मिशी जेमतेम फुटलेली. पण तोंड उघडलं की सूर तळघरातून यावा तसा यायचा.

"एवढा आवाज ठेवतोस कुठे रे?" राजांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"भाड्याचा आहे, राजे. मालक मागेल तेव्हा परत."

मालक म्हणजे देव. भिंगूच्या बोलण्यात देव असा शेजारच्या खोलीत राहणाऱ्या माणसासारखा यायचा. सकाळी दुकानाचं शटर वर करताना तो गुणगुणायचा, भिंग घासणीच्या चाकावर धरलं की चाकाच्या घरघरीत आपला सूर मिसळायचा. समोरचं गिऱ्हाईक चष्म्यासाठी खोळंबलंय, याचं त्याला भान नसे. त्याची आई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. ती म्हणायची, "याला दोनच गोष्टी कळतात, काच आणि देव. भाजी आणायला पाठवला तर पिशवी विसरून येतो."

प्रार्थनेच्या अखेरीस खर्जाला एकच सूर लांबवर धरावा लागे. तो एका दमात कुणालाच झेपत नसे, म्हणून शेजारशेजारचे दोघे आळीपाळीनं श्वास घेत. खूण ठरलेली होती. कोपराला बोट लागलं, की 'तू घे, मी धरून आहे'. राजे आणि भिंगू यांचं असं जमलं होतं, की ऐकणाऱ्याला वाटावं, एकच माणूस गातोय आणि त्याला श्वास लागतच नाही.

"देवाला शब्द कळतात की नाही कोण जाणे," भिंगू म्हणायचा, "पण सूर तुटला की त्याचं लक्ष उडतं."

"मग तुझा देव नाटकवाल्यांकडे कधी आला नसणार," राजे म्हणत. "आमच्याकडे पडदासुद्धा मध्येच अडकायचा."

गाणं शिकवणाऱ्या बाई शिस्तीच्या. गाणं संपलं की त्या विचारत, "कुणाचं तुटलं?" ज्याचं तुटलं असेल त्यानं हात वर करायचा. रागावणं नाही, शिक्षा नाही. नुसता हात. राजांना ही पद्धत कधीच पचली नाही. नाटकात वाक्य विसरलं, तर समोरच्या नटाकडे असं रोखून पाहायचं की प्रेक्षकांना वाटावं, तोच विसरला. ती विद्या त्यांच्या हाडीमाशी खिळलेली.

मग भिंगूचा घसा बसला. सर्दी, धूळ, काचेचा भुगा, अशी कारणं काढत सगळ्यांनी वेळ घालवला. इस्पितळात निदान झालं तेव्हा उशीर झाला होता. शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, गळ्याला श्वासासाठी एक भोक आणि त्यावर आईनं शिवलेला पांढरा रुमाल राहिला.

बरा होऊन तो आला आणि सरळ आपल्या जागी, राजांच्या डाव्या हाताला उभा राहिला.

"अरे, आता इथे काय करणार?" राजांनी हळूच विचारलं.

भिंगूचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण शब्द स्पष्ट वाचता आले. 'उभा राहणार.'

आणि तो उभा राहू लागला. डोळे मिटून, ओठ हलवत, प्रत्येक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत. राजांनी श्वासासाठी उजवीकडच्या पोस्टमनशी नवी जोडी जमवली. बाईंनी कुणाला काही बोलू दिलं नाही. आई समोरच्या बाकावर बसून त्या रांगेकडे बघत राही.

वार्षिक सभेच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. शेवटचा सूर लागला. पोस्टमनची श्वास घ्यायची पाळी होती, राजांनी धरून ठेवायचं होतं. तेवढ्यात डाव्या कोपराला बोट लागलं. डोळे मिटलेला भिंगू मनातल्या मनात भर आवाजात गात होता, आणि शेजाऱ्याला दम घ्यायला सांगत होता. राजांच्या अंगानं डोक्याला विचारलंच नाही. त्यांनी श्वास घेतला.

खर्ज नाहीसा झाला. वरचे सगळे आवाज पायाखालची फळी काढल्यासारखे क्षणभर लोंबकळले.

लोक पांगल्यावर बाईंनी विचारलं, "कुणाचं तुटलं?"

राजे शालीची घडी नीट करू लागले.

"राजे, तुमच्या बाजूला तुटलं का?"

तेव्हा राजे बोलले, त्यांच्या त्या दरबारी आवाजात. "बाई, ते माझ्या डाव्या हाताला विचारा."

हशा पिकला. भिंगूही हसला, बिनआवाजी. आणि हसत हसतच त्यानं हात वर केला.

बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळा, पुढच्या वेळेपासून तू समोर बस. ऐकायला."

तो समोर बसू लागला, आईशेजारी. ओठ हलवणं मात्र थांबलं. राजांना रांगेतून ते बंद ओठ नेमके दिसायचे. त्यांनी चष्म्याचा नंबर वाढल्याची सबब सांगून गाताना चष्मा काढून ठेवायला सुरुवात केली.

भिंगूचं दुखणं उलटलं तेव्हा राजे त्याला भेटायला इस्पितळात गेले. वाटेत त्यांनी वाक्यं पाठ केली होती. खाटेशी बसले, आणि एकही वाक्य आठवेना. नुसताच घसा खाकरू लागले. भिंगूनं पांघरुणातून हात काढला आणि त्यांच्या कोपराला बोट लावलं.

राजे उठून बाहेर गेले. जिन्यात कठड्याला धरून उभे राहिले, आणि मग आत न जाता घरी आले. पुन्हा त्याची गाठ पडली नाही.

त्याच्या स्मरणासाठी गायकवृंद जमला, तेव्हा आई समोरच्या बाकावर होती. शेजारच्या जागेवर तिनं आपली पिशवी ठेवली होती. शेवटचा सूर निर्वेध पार पडला. बाईंनी सवयीनं विचारलं, "कुणाचं तुटलं?"

राजांनी हात वर केला.

"आज कुठे, राजे? आज सगळं छान झालं."

"आजचं नाही, बाई. सभेच्या दिवशीचं. त्याचं तुटायला त्याच्याकडे होतं काय?"

कुणी हसलं नाही. बाईंनी हातातली पानं सारखी केली. "मला ऐकू आलं होतं, राजे," त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज मी ओळखणार नाही? पण तुम्ही रुसून गेला असता, तर खर्ज सांभाळायला मला दुसरं होतं कोण?"

आईनं दोघांकडे पाहिलं. तिचा आवाज चढला नाही.

"मग त्याला रांगेतून का उठवलंत?"

राजे तसेच उभे राहिले. हात वरच होता. तो खाली घ्या असं कुणी म्हटलं नाही, आणि आपणहून तो खाली घ्यायची त्यांना लाज वाटत होती.