कमळीनं आपणहून आ केला

चष्मा कपाळावर ठेवून घरभर हुडकणाऱ्या माझ्या लेकींनो, आई अजून जिती हाय, आठवतं का? मी सांगायलेय, सून लिहून घेतीय.

तुमची भाची कमळी आठ वर्षांची झाली, पण बोलत न्हाई आन् तोंडाला कुणाला हात लावू देत न्हाई. दाढ किडली, तिनं घास घेणंच सोडलं. म्हणून आज सकाळी परभणीला दाताच्या डॉक्टरकडं नेली. खुर्ची बघून ती कोपऱ्यात जाऊन बसली.

कंपाउंडर म्हणला, “हातपाय बांधावे लागतील.”

“आधी मला बांध,” म्हणत मीच खुर्चीत चढले. रोज सकाळी मी राखुंडी लावताना कमळी समोर बसून बघती. तसंच आ करून माझ्याच हिरड्यांवरून बोट फिरवलं.

कमळी उठली, माझ्या मांडीवर बसली आन् तिनं आपणहून आ केला! डॉक्टरांनी दाढ बघितली, लवंगेचं तेल तिच्याच बोटावर दिलं. तिनं ते बरोबर किडक्या दाढेला लावलं.

पोरीला काही कळत न्हाई, असं आपण कशावरून म्हणत होतो गं?

दुपारी वाटीभर आंबील प्याली. तुम्ही पाठवता त्या गुळाच्या पोळ्या आता बंद. ज्वारीचं पीठ पाठवा, बारीक दळून.