बिशपला सोबत हवी की नको

ग्लेनिस काउपर बावीस वर्षं ब्लफच्या बंदरावर कालवं फोडत होती. मार्च ते ऑगस्ट असा हंगाम. सकाळी सहाला ओट्यापाशी उभं राहायचं, डाव्या हातात कालव, उजव्या हातात आखूड सुरी. शिंपेच्या सांध्यात टोक घालून मनगटाला एक हिसका दिला की आतलं मांस अख्खंच्या अख्खं बाहेर. नवीन आलेल्या बायका तिचे हात बघत उभ्या राहायच्या. तिला त्याचं विशेष वाटत नसे. विचार करावा लागत नाही म्हणून तर हे काम तिला आवडायचं. हंगाम संपला की ती घरी असे; बागेत बटाटे लावायची, लोकांचे पडदे शिवून द्यायची. लग्न केलं नव्हतं. आईवडिलांच्या पश्चात टेकडीवरच्या त्याच घरात ती राहत होती, आणि पाच वर्षांपासून तिच्याबरोबर एक बोका होता. काळा कुळकुळीत, फक्त गळ्याशी पाद्र्याच्या कॉलरसारखा पांढरा पट्टा. म्हणून त्याचं नाव बिशप.

मे महिन्यातल्या, म्हणजे तिकडच्या थंडीतल्या, एका रविवारी बिशप शेगडीपुढे उताणा पसरला, तेव्हा तिला दिसलं की त्याच्या पोटावर केसच नाहीत. तळहाताएवढी जागा गुलाबी, उघडी पडलेली. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तिनं पाळत ठेवली, तर स्वारी खिडकीत बसून पोट चाटत होती. थांबायची, बाहेर बघायची, पुन्हा चाटायची.

इन्व्हरकारगिल शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात हॅना नावाची तरुण डॉक्टर होती. तिनं बारीक फणी फिरवून दोन पिसवा शोधून काढल्या आणि तीन महिन्यांचं औषध दिलं. पिसवांमुळे असेल, ती म्हणाली, किंवा मनाचंही असेल. तुम्ही दिवसभर बाहेर, तो एकटा, कंटाळून चाटत बसत असेल. ग्लेनिसनं विचारलं, मग दुसरं मांजर आणू का त्याच्या सोबतीला? हॅना म्हणाली, काही मांजरांना त्यानं बरं वाटतं, काहींचं त्यानं आणखी बिघडतं.

"मग हा कुठल्यातला?"

हॅनानं बिशपकडे नीट बघितलं. बिशपनं तिच्याकडे बघितलं. "ते दुसरं मांजर आणल्यावरच कळेल," ती म्हणाली.

ओट्यावर ग्लेनिसच्या डाव्या हाताला मारामा उभी राहायची. तिच्याकडे चार मांजरं. तिनं हातातलं कालव खाली न ठेवता निकाल देऊन टाकला: आण, आजच आण, एकट्या जिवाला घर खायला उठतं. उजव्या हाताला नोएल. त्याचं म्हणणं, मांजर हा मुळात एकट्यानं राहणारा प्राणी. "बिचाऱ्याला वाटेल, तू त्याच्यावर सवत आणलीस," तो म्हणाला. दोघंही इतक्या खात्रीनं बोलायचे की सकाळी मारामाचं ऐकलं की ग्लेनिसला ते पटायचं आणि जेवणाच्या सुट्टीत चीज रोल खाताना नोएलचं ऐकलं की तेही पटायचं. घरी जाईपर्यंत तिच्याकडे स्वतःचं असं काही मतच उरायचं नाही.

तिनं ठरवलं, बिशपलाच बघू काय म्हणतोय ते. शेजारचं करडं मांजर रोज चारच्या सुमारास कुंपणावरून जायचं. ते दिसलं की बिशप काचेला नाक लावून दातांनी कटकट असा चमत्कारिक आवाज काढायचा. तो बोलावतोय की शिव्या देतोय? एका सुट्टीच्या दिवशी तिनं खिडकी सताड उघडली. बोलवायचं असेल तर बोलाव, म्हणाली. बिशपनं वारा नाकावर घेतला, खाली उतरला आणि स्वयंपाकघरात निघून गेला.

एवढ्याशा गोष्टीचा आपल्याला इतका घोर का लागलाय, हे तिला कळत नव्हतं असं नाही. ती सात वर्षांची होईपर्यंत घरात एकुलती एक होती. मग पलीकडच्या बेटावर, ओबानला राहणारी मावशी छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली, आणि मावशीची सहा वर्षांची मुलगी विव्ह यांच्याकडे आली. नात्यातलं पोर आपलं म्हणून वाढवणं त्यांच्या माणसांत नवं नव्हतं. व्हांगाई म्हणायचं आणि ताटात वाढायचं. आई ग्लेनिसला म्हणाली होती, तू एकटी असतेस ना, तुला सोबत आणलीय.

पुढची अकरा वर्षं त्या दोघी एका पलंगावर झोपल्या आणि एका फणीवरून भांडल्या. खोलीच्या मधोमध खडूची रेघ होती. शाळेत ग्लेनिसला कुणी चिडवलं तर विव्ह त्याला बदडायची आणि घरी येऊन स्वतः चिडवायची. सतराव्या वर्षी विव्ह नोकरीसाठी गोर गावी गेली, तिथंच लग्न करून राहिली. नाताळला कार्ड यायचं, जायचं. तुमचं जमायचं का, असं कुणी विचारलं तर ग्लेनिस म्हणायची, आम्ही एकत्र वाढलो. ते खोटं नव्हतं. पण विव्ह गेल्यावर कितीतरी महिने ती पलंगाच्या आपल्याच बाजूला झोपत राहिली, आणि ते सवयीनं की आणखी कशानं, हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आताही.

जुलैच्या शेवटच्या रविवारी दुपारी तिनं विव्हला फोन लावला.

"कोण गेलं?" विव्हनं विचारलं.

कुणी गेलं नाही म्हटल्यावर विव्ह जरा सैल झाली. ग्लेनिसनं पोटाचं सांगितलं, हॅनाचं, मारामाचं, नोएलचं सांगितलं. मग एकदम विचारलं, "विव्ह, तुला आमच्याकडे आणलं तेव्हा तुला कसं वाटलं होतं?"

पलीकडे किटली उकळल्याचा आवाज आला, थांबला. "हे मांजरासाठी विचारतेयस?"

"हो."

"म्हणजे मी मांजर."

"तू दुसरं मांजर. पहिली मी."

विव्ह हसली. मग म्हणाली, "मला कुणी सांगितलं नव्हतं गं, की मी तुझ्या सोबतीला जातेय. माझी आई म्हणाली होती, तिथं ग्लेनिस आहे, ती तुझ्या सोबतीला. अख्ख्या बोटीत मी ओकत होते आणि वाटत होतं, धक्क्याला लागलो की ती धावत येईल. तू तुझ्या आईच्या कोटामागे उभी. माझ्या पिशवीकडे बघत होतीस."

"पिशवीत काय आहे ते बघत होते."

"तुझं काहीतरी न्यायला आलेय असं बघत होतीस."

ग्लेनिस खुर्चीवर टेकली. पन्नासच्या वर वर्षं झाली होती, आणि ही गोष्ट तिला आज कळत होती. दोघींनाही सांगितलं होतं की समोरची तुझ्यासाठी आहे. दोघीही वाट बघत बसल्या होत्या.

"मग बरं झालं की वाईट?" तिनं विचारलं.

"आईपासून लांब झाले ते वाईट. तुझं म्हणशील, तर तू नसतीस तर त्या घरात मी एकटी पडले असते. पण तू नसतीस तर मला त्या घरात आणलंच कशाला असतं? ओबानातल्याच कुणाकडे तरी राहिले असते. मला नाही सांगता येत, ग्लेन. मांजराचं तूच ठरव."

फोन ठेवल्यावर ग्लेनिसला वाटलं, आपण एक गाठ सोडवायला गेलो आणि तिच्याखाली आणखी एक निघाली. दोघींच्या आयांनी दोघींना दोन गोष्टी सांगितल्या त्या प्रेमानं, का सोय म्हणून? विचारायला दोघींपैकी कुणाचीच आई उरली नव्हती.

शनिवारी विव्ह न कळवता गोरहून गाडी घेऊन हजर झाली. मांजरांच्या निवाऱ्यात जाऊन नुसतं बघून येऊ, म्हणाली. बघितलं म्हणजे घेतलंच असं नाही. निवाऱ्याची बाई, बेव्हर्ली, आधी पिल्लांकडे घेऊन गेली. पिल्लं जाळीवर चढून ओरडत होती, आणि ग्लेनिसला एकाचंही तोंड धड दिसेना. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात एक पट्ट्यापट्ट्यांची मांजरी भिंतीकडे तोंड करून बसली होती. नाव मेबल, वय नऊ; मालकीण वृद्धाश्रमात गेली, तिथं मांजर चालत नव्हतं. मेबलनं मान वळवून दोघींकडे एकदा बघितलं आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

"हिला नेते," ग्लेनिस म्हणाली.

"ही का?" विव्हनं विचारलं.

"माहीत नाही."

बेव्हर्लीनं सहा आठवड्यांच्या बोलीवर मेबल दिली. जमलं तर सही करून फॉर्म पाठवा, नाही जमलं तर मांजर परत आणा. शिवणाच्या खोलीत मेबलची सोय केली. आधी दार बंद, मग दोघांची पांघरुणं अदलाबदल, दाराच्या अलीकडे पलीकडे जेवण, असं सगळं कागदावर लिहून दिलेलं होतं. पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी ग्लेनिस गुडघे दुमडून खाली बसली.

"तुला त्याच्या सोबतीला आणलंय," ती मेबलला म्हणाली. "त्याला विचारलेलं नाही. तुलाही नाही विचारलं. तुम्हा दोघांचं जमेलच असं काही नाही."

विव्ह दारात उभी होती. तिनं आत जाऊन चहा टाकला.

सहा दिवस बिशप त्या बंद दारापुढे फिस्कारत राहिला आणि ग्लेनिसच्या कामाच्या बुटात मुतला. दुसऱ्या आठवड्यात दार उघडलं. मेबलनं पाण्याच्या वाडग्यापाशी त्याला एक चापट दिली. त्यानं ती खाल्ली. त्यानंतर काहीच झालं नाही. भांडण नाही, खेळणं नाही, एकमेकांना चाटणं नाही. तो खिडकीत असायचा, ती खुर्चीत. चौथ्या आठवड्यात दोघं शेगडीपुढच्या गालिच्यावर येऊन बसली, दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून. मारामा म्हणाली, पाठ केली म्हणजे विश्वास बसला. नोएल म्हणाला, पाठ केली म्हणजे बोलणं बंद आहे.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बिशपच्या पोटावर केस आले. आधी लव, मग दाट. ग्लेनिसला आनंद झाला, आणि लगेच कोडं पडलं. पिसवांचं तिसरं औषध जुलैमध्ये दिलं होतं. ऑगस्टच्या शेवटी हंगाम संपून ती घरी बसली होती. आणि मेबल तर होतीच. हॅनानं पोट बघून विचारलं, काय केलंत? ग्लेनिसनं तिन्ही सांगितलं. हॅनानं तिन्ही लिहून घेतलं.

खरं काय ते बघायचं तर मेबलला परत पाठवून बघायला हवं होतं. एका दुपारी ग्लेनिसनं त्यासाठी पिंजरा बाहेर काढलाही. तो बघून दोन्ही मांजरं एकाच पलंगाखाली शिरली. त्यावरून काही ठरवता येईना. आता घरात पलंगच एक होता. ती खाली वाकून बराच वेळ त्या चार डोळ्यांकडे बघत राहिली, आणि पिंजरा पुन्हा माळ्यावर ठेवून दिला. मेबलला ठेवायचं की नाही याचा निर्णय तो असेल, तर तो कधी झाला हे तिला नंतरही सांगता येत नसे.

विव्ह मधल्या काळात एकदोन शनिवारी आली. मांजरांना बघायला आले, म्हणाली. विव्ह मेबलची खुर्ची घ्यायची, आणि मेबल ती परत मिळेपर्यंत समोर बसून राहायची.

फॉर्म पाठवायची मुदत आली. नाव, पत्ता, सही सगळं ग्लेनिसनं भरलं. एका ठिकाणी विचारलं होतं: आधीच्या मांजरानं नवीन मांजराला स्वीकारलं आहे का? हो, नाही, असे दोन चौकोन. ते तिनं तसेच ठेवले आणि पाकीट टाकून आली. तीन दिवसांनी बेव्हर्लीचा फोन आला की एक चौकोन राहिलाय.

"तुम्हीच करा खूण," ग्लेनिस म्हणाली.

"मी कशी करणार? घरात तुम्ही असता."

ग्लेनिसनं वळून बघितलं. बिशप खिडकीत होता. मेबल खुर्चीत झोपली होती, किंवा नुसते डोळे मिटून पडली होती.

"मी बघतेय," ती म्हणाली. "अजून काही कळत नाही."

बेव्हर्ली म्हणाली, असू द्या, मी हो करते.