पाळीवरचे सगळे

आमच्या गावच्या पुनमचं आरमोरीत झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की ही बाई भाषांतर करत बसते. ब्लॉग लिहायचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. जगभरची माणसं हौसेनं ते घडवतात आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवतात. पुनम त्यावर आमच्या तलावातल्या मासोळीबद्दल लिहायची. बटणांवरचं इंग्रजी पाहून चिडली आणि स्वतःच त्याची मराठी करायला लागली. पुढे इतरांच्या भाषांतराला मंजुरी द्यायचा अधिकार तिला मिळाला. पगार नाही, पाणी नाही, पण तो अधिकार तिनं गावभर मिरवला. का मिरवू नये?

यंदा नवी आवृत्ती यायची होती. त्याआधी उरलेली मराठी उरकायला तिनं वाचनालयात बैठक बोलावली. किल्ली माझ्याकडे असते, म्हणून मीही हजर. खरं काम केलं ते पुनम, तिचा भाऊ धनराज आणि कॉलेजातल्या आचलनं. बाकी आम्ही बघे. पुनमची थोरली काकू गोकुळाबाई उकडलेले शिंगाडे घेऊन आली आणि भिंतीला टेकून चक्क झोपली. मी चहा प्यालो आणि कोणी न विचारलेले सल्ले दिले.

काम संपल्यावर पुनमनं त्या सॉफ्टवेअरच्या साइटवर सगळ्यांची खाती उघडली आणि भाषांतराच्या श्रेयात सगळ्यांची नावं घातली. झोपलेल्या गोकुळाबाईचंही. तिला यात काही वावगं वाटलंच नाही. गाव मिळून तलावात मासोळी धरतं तेव्हा आमच्याकडे असंच चालतं. कोणी जाळं ओढतो, कोणी नुसता पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभा राहून ओरडतो, वाटा मात्र सगळ्यांना सारखा.

मग त्या सॉफ्टवेअरच्या भाषांतराचं काम बघणाऱ्या समन्वयकांचा निरोप आला. गृहस्थ दूरच्या शहरातले, बोलायला सौम्य. खोटी खाती उघडून श्रेय लाटणाऱ्यांचा सुळसुळाट झालाय, म्हणून नियम कडक केलेत. ज्यांनी एक शब्दही लिहिला नाही त्यांची नावं काढा, नाहीतर तुमचा अधिकार काढून घ्यावा लागेल. त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही.

पुनम रडकुंडीला आली. "भाऊ, आता का करू? मले लबाड समजून राह्यले ते."

"काढून टाक नावं," मी म्हणालो. "माहं पहिले काढ. अन् गोकुळाबाईले कुठी मालूम पडते?"

"तिले नाई पडत. मले तं मालूम हाये ना."

तरी ती काढायला बसली. तो अधिकार म्हणजे इतक्या वर्षांची कमाई होती, सोडवत नव्हती. त्या दिवशी नेमकी तलावात मासोळी धरायची होती. सारं गाव तिकडे आणि पुनम घरात, कॉम्प्युटरपुढे. मी परतताना तिच्याकडे डोकावलो, तेवढ्यात गोकुळाबाई पळसाच्या पानात मासोळी घेऊन आली.

"हा तुहा वाटा."

"मोठी आई, मी तं पाळीवर आलीच नोती."

"मंग का झालं? आमच्यातली नाई का तू? धर लवकर, मले घरी जाऊन रांधा लागते."

पुनमनं पान हातात घेतलं आणि ती ढसाढसा रडली. गोकुळाबाई बिचारी गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. पोरीनं मग हात धुतले, काढलेली सगळी नावं परत घातली आणि समन्वयकांना कळवलं, नावं राहू द्या, अधिकार घ्या.

त्यांनी अधिकार घेतला आणि नियमाप्रमाणे नावंही काढली. मला भयंकर राग आला. पुनमला आला असेल तर तिनं दाखवला नाही.

नवी आवृत्ती आली, पुनमच्या मराठीसकट. तिनं आपल्या ब्लॉगवर त्याची बातमी लिहिली आणि खाली आम्हा सगळ्यांची नावं दिली. मी माझं नाव शोधत खाली गेलो, तर शेवटी त्या समन्वयकांचं नाव.

"त्यायचं काऊन टाकलं?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"असं का करता, भाऊ," पुनम म्हणाली. "तेबी पाळीवरच होते ना."