साडूंची तहकूब लढाई

आमच्या थोरल्या साडूंइतकी मोठी फौज पदरी बाळगून एकही लढाई न लढलेला माणूस साऱ्या जालना जिल्ह्यात सापडणार नाही. फौज प्लास्टिकची, शिपाई करंगळीच्या पेराएवढा. नवीन जालन्यातल्या बियाणे कंपनीतून निवृत्त झाल्यावर इतर लोक देवळाची वाट धरतात, यांनी इंग्रज-मराठ्यांची असईची लढाई धरली. परदेशातून खोकी येत. त्यात हात, पाय, मुंडकी सगळं सुटं. ते ब्लेडने कापायचं, कानशीने घासायचं, चिमट्यात धरून चिकटवायचं आणि शेवटी स्वाराला घोड्यावर बसवायचं. खोक्यातून निघत सगळे गोरेच. मग साडू निम्म्यांच्या टोप्या छाटून नळाची गळती बुजवायच्या लुकणाची पागोटी त्यांना बांधत. एकदा मी एका स्वाराला बोट लावलं, तर म्हणाले, "हात नका लावू, साडू. आत्ताच मांड ठोकली त्यानं, सुकून राह्यला."

या छंदाला घरात विरोध असा नव्हताच. अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, उलट फौजेचे लाडच करायच्या. एका खंडेनवमीला विळी-कोयता पुजायला काढताना त्यांना वाटलं, खरी हत्यारं तर या पोरांच्या हातात. त्यांनी सगळं पायदळ परातीत घेऊन कढत पाण्यानं न्हाऊ घातलं. बंदुका वाकल्या, शिपाई कमरेतून लवले. साडू परातीकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण ते एवढंच म्हणाले, "बराबर हाय. सणासुदीला लढायचं न्हाई म्हणून राह्यले ते." नंतर दिवाळी उलटेपर्यंत एकेकाला सरळ करत बसले होते.

अक्कांचं माहेर असईच्याच शिवारातलं. लहानपणी तिथल्या नदीकाठी त्यांनी शेरडं राखलेली. "कवा मांडणार लढाई? आमची नदी तर बघू द्या," असं त्या सारखं म्हणत आणि साडूंकडे सबब तयार असे. कधी तोफांचे बैल कमी, कधी रंग ओला. खरं कारण त्यांनी एकदा मला हळूच सांगितलं. "मांडली की लढवावी लागंल, साडू. लढवली की आपण हारणार. इतक्या मेहनतीनं हुभे केलेले, त्यांना आडवं कसं करू?" मला तेव्हा फार हसू आलं होतं.

यंदा पोळ्याच्या तोंडावर अक्का गेल्या, बसल्या जागी, कुणाला काही न सांगता. महिन्याभरानं मी गेलो, तर पुढच्या खोलीत दोन पलंग जोडून सगळी असई मांडलेली. काडेपेटीची घरं, काटक्यांच्या बाभळी, समोरासमोर दोन्ही फौजा. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तोफा कधी सुटणार?"

"सुटणार न्हाईत," साडू म्हणाले. "लढवा असं ती कवा म्हणली व्हती? तिला नुस्ती नदी बघायची व्हती. मीच हारायला भेत बसलो." मग पलंगाकडे बघत म्हणाले, "आन् नदी गावाच्या कोणत्या अंगानं वळती, हे बी तिलाच इचारायचं राह्यलं."

निळ्या कागदाची नदी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि गावाच्या पलीकडच्या बाजूला ठेवून पाहिली.