जबलपूरला पॉवर कमी

"दोष आपल्याकडं हाय असं धरून चालायचं," असं म्हणून ते कानामागची पेन्सिल काढायचे आणि समोर जी वस्तू असेल तिच्यावर टकटक करायचे. मग ती कारखान्यातली मोटर असो, कुणाचा रेडिओ असो, की आमच्या दवाखान्यातला पंखा. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. बिघाड झाला की बाकीचे दुसऱ्याचं नाव घेतात. हा आधी स्वतःची वायर तपासतो.

मी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात नर्स, ते तिथल्याच विजेच्या खात्यात. क्वार्टर्स शेजारीशेजारी, व्हरांडा एकच. त्यांची क्वार्टर आता दुसऱ्याकडे आहे; व्हरांड्यातला त्यांचा हुक तेवढा राहिलाय.

त्यांचं गाव मावळातलं. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत ते लष्कराच्या सिग्नलमध्ये, म्हणजे संदेश खात्यात होते. देहूरोडला लिलावात घेतलेल्या भंगारातून त्यांनी बिनतारी संदेश पाठवायचं मशीन बांधलं होतं. त्याचा सरकारी परवाना चौकटीत घालून देवांच्या शेजारी लावला होता. दर रविवारी सकाळी हेडफोन लावून ते मोर्सच्या किल्लीवर कडकट्ट करत बसत. पलीकडे जबलपूरला त्यांचा लढाईतला दोस्त. किल्ली धरायला त्यानंच शिकवलं, आणि दोष आपल्याकडे धरायलाही त्यानंच.

एका हिवाळ्यात जबलपूरहून तक्रार आली. तुझा आवाज फार क्षीण येतो, पॉवर कमी झालीय, बघ.

बघायचं म्हणजे एरियलची तार सोडून तिच्या जागी व्हरांड्यातल्या हुकाला विजेचा दिवा लावायचा. मशीनची सगळी पॉवर त्या दिव्यात उतरते. ते आत किल्ली दाबून, मीटरच्या सुईवर नजर ठेवून बटणं फिरवणार. तिथून दिवा दिसत नसे, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

"बाई, दिवा?"

"मंद."

"आता?"

"मंदच. तिकडे माझी भाजी करपतेय."

"भाजीचा दोष बी आपल्याकडंच धरा."

त्या वेळी बिघाड खराच होता. मशीनमधला एक व्हॉल्व्ह, काचेच्या दिव्यासारखा असतो तो, म्हातारा झाला होता आणि तारेचा सांधा हिरवा पडला होता. मी चिंच दिली. पितळेची भांडी घासावीत तशी त्यांनी तार घासली, नवा डाख दिला, व्हॉल्व्ह बदलला. मग दिवा असा पेटला, की मी डोळ्यांवर हात धरला.

जबलपूरचं म्हणणं तेच. पॉवर कमी.

पुढे वर्षभर दुरुस्ती चालली. कारखान्यात चेष्टा सुरू झाली. "काय राव, झालं का मशीन?" असं जेवणाच्या सुट्टीत कुणीही विचारी. पूर्वी लोक त्यांच्याकडे रेडिओ आणून टाकत, ते आता पुण्याला न्यायला लागले. नव्या मोटरी आल्या तेव्हा फोरमन सगळ्यांदेखत म्हणाला, "तुम्हाला नको. वर्षभर खोलून बसाल." ते काम दुसऱ्याला दिलं. हे पेन्सिलीनं टेबलावर टकटक करत राहिले.

मला मात्र रविवारी दिवा लख्ख दिसत होता. एकदा मी सरळ आत गेले.

"मशीन ठीक आहे. तुम्ही काय दुरुस्त करताय?"

"काय न्हाई."

"मग?"

"जबलपुरात दुसरा एक परवानावाला हाय. त्याच गल्लीतला. तो म्हणतो आवाज खणखणीत. सिलोनचा एक डॉक्टर किल्लीवर येतो, तो बी म्हणतो खणखणीत. आता तुमी सांगा."

मी नर्स आहे. "त्याचे कान गेले," मी म्हणाले.

"व्हय. तोफांशेजारी होता. पाय तर तिथंच गेला. ह्या कडकट्टवर दिवस काढतोय. कान गेल्याचं कळलं तर किल्ली खाली ठेवील."

"म्हणून तुम्ही खोटं कळवता?"

"खोटं न्हाई!" ते एकदमच दुखावले. "व्हॉल्व्ह काढून बसवला म्हणून कळवतो, तर आधी काढून बसवतो."

म्हणजे वर्षभर हा गृहस्थ दर रविवारी चांगला व्हॉल्व्ह उपसून परत बसवत होता, आणि मग एकेक शब्द दोनदा, सावकाश, जबलपूरला पाठवत होता. पॉवर कमी. पॉवर कमी. दुरुस्ती चालू. दुरुस्ती चालू.

"फोरमनला तरी सांगा," मी म्हणाले.

"एकाला सांगितलं की गावभर होतं, मग चार जणांच्या किल्लीवर जातं. पोचंल त्याच्यापातुर."

हा वेडेपणा आहे, असं मी त्यांना ऐकवलं. ते "व्हय" म्हणाले. त्यानंतर मी न बोलावता दिवा बघायला जायला लागले.

मग एका रविवारी जबलपूर आलंच नाही. पुढच्याही नाही. त्यांनी दुसऱ्या परवानावाल्याला विचारलं नाही. मी म्हणाले, "पत्र टाका." म्हणाले, "टाकीन. आधी मशीन बघतो. दोष आपल्याकडं हाय असं धरून चालायचं." या खेपेला पेन्सिल कानामागेच राहिली.

त्यांनी एरियल सोडलं, दिवा लावला आणि आत जाऊन बसले. किल्ली दाबल्याचा आवाज आला. भिंतीवर माझी सावली पडली, इतका दिवा पेटला होता.

"बाई, दिवा?"

मी दिव्याकडे बघितलं.

"मंद," मी म्हणाले.

आतून पक्कड उचलल्याचा आवाज आला.