पाजणीचा निबंध

कॉलेजच्या वार्षिकात छापून आलेला माझा पहिला इंग्रजी निबंध अजून माझ्याजवळ आहे. वाळवीनं त्याच्या आधीची कविता खाल्ली, नंतरचं प्राचार्यांचं मनोगत खाल्लं, पण माझी अडीच पानं तशीच ठेवली. वाळवीलाही काही चव असते. ती पानं मी आजही शेवटपर्यंत वाचू शकत नाही. हे नम्रतेनं म्हणत नाही, खरंच अर्ध्यात मिटतो.

नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होतं. आमच्या कोष्ट्यांच्या गल्लीत मागाच्या खड्ड्यात पाय सोडून न बसता कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तिथं जाऊन घेतलं काय, तर इंग्रजी साहित्य. काहून, असं बापानं एकदाच विचारलं. मी म्हणालो, मोठी भाषा आहे. खरं कारण असं की इंग्रजीच्या वर्गाला खळीचा वास येत नव्हता.

खळ म्हणजे आंबवलेली तांदळाची पेज. विणायच्या आधी ताण्याच्या, म्हणजे मागावर लांबीत लावायच्या उभ्या सुताला ती पाजावी लागते, नाहीतर धागा मागावर टिकत नाही. सुताबरोबर ती आमच्या भिंतींना, गोधड्यांना आणि मलाही पाजली गेली होती. वर्गात माझ्या बाकावर एका वकिलाचा मुलगा बसायचा. मी जवळ सरकलो की तो रुमाल काढून नाकाशी धरायचा. म्हणून मी एकदा अंगाला पावडर फासून गेलो. खळ आणि पावडर मिळून असा काही वास सुटला, की लग्नघरात उंदीर मरून पडलाय असं वाटावं. त्या दिवशी मागचा बाकही रिकामा झाला.

इंग्रजीचे प्राध्यापक एप्रिलमध्येही कोट घालत आणि आम्हाला हजेरीच्या नंबरानं हाक मारत. मी सत्तावीस. त्यांनी 'वसंतातली सकाळ' या विषयावर निबंध लिहायला सांगितला. गाईडं सगळ्यांची एकच, त्यामुळे सगळ्यांच्या निबंधात बर्फ वितळला. माझ्यात तर मेंढपाळही होता. सरांनी माझाच निबंध वाचून दाखवला, मग खिडकीबाहेर ऑक्टोबरच्या उन्हात धोतरानं वारा घेत बसलेल्या चपराशाकडे पाहिलं आणि विचारलं, "सत्तावीस, हा बर्फ नागपुरात कुठल्या वस्तीत पडला, महालात की इतवारीत?"

वर्ग पोट धरून हसला. वकिलाचा मुलगा तर रुमालाआड हसला. सर म्हणाले, पुढचा निबंध स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर लिहा, वही-पेन्सिल घेऊन उभे राहा, जो सगळ्यात चांगला असेल तो वार्षिकात जाईल. त्या क्षणी मी ठरवलं, वार्षिकात आपलं नाव आलं पाहिजे. त्या वर्षी मला दुसरं काही नको होतं. पास होणंसुद्धा नको होतं.

आता माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं काय? पाजणी. त्याच रविवारी आमच्याच ताण्याची होती.

पाजणी एकट्यानं होत नाही. ताणा गल्लीभर लांब बांधतात, दोघं दोन्ही बाजूंनी कुंच्यानं खळ फिरवतात आणि मागून एक जण धाग्यांमध्ये घातलेल्या बांबूच्या काड्या सरकवत नेतो, म्हणजे धागे एकमेकांना चिकटत नाहीत. ऊन चढायच्या आत सगळं उरकायचं. आज माझ्या ताण्याला तू ये, उद्या तुझ्या ताण्याला मी येतो, असं गल्लीचं चालायचं. पहाटे दारावर थाप पडायची आणि ज्याच्या दारावर पडली त्यानं उठायचं. मी वर्षानुवर्षं पोटदुखी, परीक्षा आणि एकदा तर गोवर पुढे करून त्या थापा चुकवल्या होत्या. या रविवारी मात्र मी आपण होऊन उठलो. मायनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

काड्या माझ्याकडे दिल्या. शेजारच्या घरातले काका आणि बाप कुंचे फिरवत पुढे गेले. ऊन गल्लीत उतरलं आणि ओले धागे असे काही चमकले की माझ्यातला लेखक जागा झाला. मी खिशातून वही काढली. हे धागे हार्प नावाच्या वाद्याच्या तारांसारखे दिसतात, असं लिहिलं. हार्प मी फक्त डिक्शनरीतल्या चित्रात पाहिलं होतं. मग प्रश्न पडला, तारा चांदीच्या म्हणाव्या की मोत्याच्या? दोन्हींत गोडवा होता. मी पेन्सिल चावत उभा राहिलो.

"काड्या," बाप पुढून म्हणाला. मी हो म्हणालो आणि चांदी खोडली.

तेवढ्यात ऊन आपलं काम करून गेलं. काड्या जिथल्या तिथं, आणि मागचे धागे वाळून एकमेकांना असे चिकटले की ताण्याची पापडी झाली. काकांनी पाणी मारून पाहिलं, मायनं नखानं सोडवून पाहिलं. धागा सुटायच्या ऐवजी तुटत होता. लगीनसराईची लुगडी होती ती, गांधीबागेच्या कापडबाजारातल्या दुकानदाराला कबूल केलेली.  बापानं ताणा सोडून घरात नेऊन टाकला. पुढं कितीतरी दिवस त्याचे पिळे आमच्या घरात दोऱ्या म्हणून वापरात होते. माझी पुस्तकंही माय त्यानंच बांधून द्यायची. मुद्दाम नव्हे. घरात दुसरी दोरी नव्हती.

निबंध मी त्याच दुपारी लिहिला. त्यात सूर्यानं धाग्यांचं चुंबन घेतलं, म्हातारा विणकर गात होता, खळीला कोवळ्या भाताचा सुगंध होता आणि शेवटी ताणा निर्दोष वाळला, तेव्हा बापानं मुलाकडे अभिमानानं पाहिलं. डोळ्यांनी पाहिलेलं लिहा म्हणाले होते, आणि पाहिलेलं होतं तेवढंच नेमकं मी गाळलं. सरांना तो इतका आवडला की त्यांनी दोनदा वाचला. "हे खरं आहे," ते म्हणाले. मी हसून मान डोलावली.

वार्षिक छापून आलं. माझं नाव होतं, ठळक होतं. संध्याकाळी ओसरीवर काका आणि गल्लीतले चार जण जमले. बाप म्हणाला, "वाच गा. अन् मराठीत सांगत जा."

इंग्रजीत जे गोड होतं ते मराठीत येता येता आंबत गेलं. चुंबनाला आलो तेव्हा एक जण खोकला. सुगंधाला काकांनी स्वतःच्या हाताचा वास घेऊन पाहिला. म्हातारा विणकर गात होता म्हटल्यावर ते म्हणाले, "गाऊन कोण राहिला होता? हा तं कुंच्याले शिव्या देऊन राहिला होता." सगळे हसले, बापही हसला. मग मी शेवट सांगितला. निर्दोष ताणा, अभिमान वगैरे.

 बापानं विचारलं, "मंग तो ताणा कोणाचा होता गा?"

"निबंधातला," मी म्हणालो.

"हो का. मले वाटलं आपला."

एवढं म्हणून तो हात धुवायला गेला.

पंधरा दिवसांनी काकांच्या ताण्याची पाजणी होती. पहाटे मी जागाच होतो. समोरच्या दारावर थाप पडली, पलीकडच्या दारावर पडली, आमच्यावर बापापुरती पडली. माझं नाव कोणी घेतलं नाही. ज्यासाठी गोवर आणला होता ते फुकट मिळालं, आणि मला स्वतःची अशी शिसारी आली की अंथरुणात पडवेना. मी उठून बाहेर गेलो आणि काड्यांना हात घातला.

काकांनी त्या हळूच माझ्या हातातून काढून घेतल्या. "राहू दे मास्तर," ते म्हणाले. "तुया हाताले खळ लागन."

बाप कुंचा फिरवत होता. त्यानं मान वर केली नाही.

मी आंघोळ केली, त्या पिळ्यानं बांधलेली पुस्तकं उचलली आणि कॉलेजात गेलो. वकिलाच्या मुलानं माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि बाकावर जागा करून दिली. मी मुद्दाम त्याला खेटून बसलो. त्यानं रुमाल काढला नाही. मी आणखी सरकलो, तरी काढला नाही.